टोळीत शिरलेला माणूस

जर्मनीत ब्योब्लिंगेनच्या आमच्या घरी रविवारी दुपारी काउबॉयचे सिनेमे बघायची पद्धत त्यानेच पाडली. तो माझ्याच कंपनीत, पुण्याहून नुकताच आलेला. माझ्याहून बराच लहान, म्हणून मला दादा म्हणायचा आणि माझ्या बायकोला वहिनी. सिनेमे जुने, इटलीत स्वस्तात काढलेले, वर जर्मन आवाज चढवलेले. "जर्मन सुधारतं, दादा," म्हणायचा, आणि बायकोने केलेली खिचडी चाटूनपुसून खायचा.

एका रविवारी लागलेल्या सिनेमात शेरीफचा माणूस डाकू बनून टोळीत शिरतो. निर्मात्याकडे पैसे इतके कमी, की वाळवंटात मागे चक्क विजेचा खांब दिसत होता. आम्ही खो खो हसलो. पुढे मात्र हसू आलं नाही. टोळीचा सरदार त्या माणसाला आपल्या ताटातलं देतो, जखमी झाल्यावर स्वतःचा घोडा देतो, आणि तोच माणूस सकाळी टेकडीवरून आरसा चमकवून शिपायांना खूण करतो.

"अन्न खाल्लं होतं ना रे त्याचं," बायको म्हणाली.

"वहिनी, त्याचं कामच होतं ते," तो बशीवरची नजर न उचलता म्हणाला. "तो मुळात त्यांचा नव्हताच."

मला तेव्हा काहीच खटकलं नाही.

त्याच दिवसांत कंपनीत आम्ही बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेली समिती, उभी करायच्या खटपटीत होतो. साहेबांना ते नको होतं, म्हणून आम्ही माझ्या स्वयंपाकघरात जमायचो. दोन जर्मन सहकारी, एक तुर्की बाई, तो आणि मी. एकदा चहा ओतताना मी त्याला हळूच मराठीत म्हटलं, "आपला साहेब म्हणजे नुसतं बुजगावणं. पाखरंसुद्धा भीत नाहीत." तो इतका हसला की बाकीच्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, गावाकडचा विनोद.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. कॉफी दिली. घरी कोण कोण येतं, निवडणुकीला कोण उभं राहणार, सगळं त्यांना ठाऊक होतं. मी उठायला लागलो तसे ते हसून म्हणाले, "आल्झो, तर मग मी फोगेलशॉयशे, नाही का?"

फोगेलशॉयशे म्हणजे बुजगावणं. मी तडक बाहेर पडलो.

तो पार्किंगमध्ये भेटला.

"तू सांगितलंस?"

"दादा, त्यांनी विचारलं. तुमची नोकरी पक्की आहे. माझं काँट्रॅक्ट मुदतीचं. ती संपली तर मी जाऊ कुठे?"

"केव्हापासून सांगतोयस?"

"पहिल्या बैठकीपासून."

"आणि बुजगावणं? ते कशाला सांगितलंस?"

"साहेबच विचारत होते, लोक माझ्याबद्दल काय बोलतात म्हणून."

"अरे, ते मी मराठीत बोललो होतो. फक्त तुझ्याशी."

तो खिशातली किल्ली चाचपत राहिला.

दोघा जर्मनांनी माघार घेतली, निवडणूक झालीच नाही. तुर्की बाई कितीतरी दिवस माझ्याशीही जपून बोलायची. तिचं तरी काय चुकलं? त्याची नोकरी पक्की झाली आणि मी दुसरीकडे काम धरलं. साहेबांवरचा माझा राग महिन्याभरात ओसरला. त्याच्यावरचा मात्र गेला नाही. ट्रेनमध्ये मराठी कानावर आलं की पूर्वी मी हटकून मागे वळून बोलायचो, आता खिडकीबाहेर बघतो.

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत बायको प्रसाद वाटत होती. रांगेत तो पुढे आला, "वहिनी" म्हणाला आणि ओंजळ पुढे केली. तिने मोदक ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. तिने त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

तो क्षणभर तिथेच उभा राहिला. मागच्या बाईंनी "चला हो पुढे" म्हटलं, तेव्हा सरकला.