कायाकमधली मागची जागा

"शनिवार, १ फेब्रुवारी २०२५. सकाळी गॅसचं सिलिंडर आलं. साडेअकराला चिन्मयीचा फोन. मार्चअखेर क्रूझने लक्षद्वीपला जायचं नक्की झालं. जावई ऋषीरावांना ऑफिसमुळे जमत नाही, त्यामुळे केबिनमधली एक जागा रिकामी. दुर्गाबाईला पाण्याची भीती वाटते, म्हणून ती येणार नाही. दुपारी पापडांना ऊन दाखवलं."

ताराबाईंची ही नोंद नेहमीसारखीच सरळ रेघेत, एकही अक्षर न खोडता लिहिलेली होती. फरक एवढाच, की तिच्यातलं दुर्गाबाईबद्दलचं वाक्य खोटं होतं.

जालन्याच्या कॉन्व्हेंटमध्ये असताना वर्गातल्या ख्रिस्ती मुली शुक्रवारी पाद्रीबाबांकडे कबुली द्यायला जायच्या आणि तारा बाकावर एकटी उरायची. तेव्हा सिस्टरनी तिला एक वही दिली होती. "तुला तिथे जाता येत नाही ना? मग रोज इथे लिही. खरं तेच लिहायचं." तारा तेव्हा अकरा वर्षांची होती, आता बहात्तर. लग्न झालं, नवऱ्याच्या, गिरिधररावांच्या, पाटबंधारे खात्यातल्या बदल्या झाल्या, पुढे ते गेले, पण वही चुकली नाही. एकसष्ट वह्या कपाटात ओळीने उभ्या होत्या आणि त्यांचा ताराबाईंना अभिमान होता.

खरं असं घडलं होतं, की चिन्मयीने फोनवर म्हटलं, "आई, तिसरी जागा वाया जाणार. दुर्गामावशीला विचार ना, येते का." आणि ताराबाई क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या, "छे, ती कसली येते! पाण्याला फार भिते ती."

दुर्गाबाई त्या वेळी हाकेच्या अंतरावर, अंगणात पापड पसरत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

ताराबाईंना एकदम सगळं दिसलं होतं. बोटीवरचं मोठं जेवणघर, बरोबर येणाऱ्या चिन्मयीच्या मैत्रिणी, त्यांच्या आया, आणि मधोमध नऊवारी लुगड्यातली, मशेरीने दात काळे झालेली दुर्गाबाई, भात हाताने कालवणारी. कुणीतरी विचारणार, "या कोण?" याला काय उत्तर द्यायचं, ते त्यांना सुचेना. म्हणून जे पहिलं तोंडात आलं ते बोलून मोकळ्या झाल्या.

दुर्गाबाई धावडा गावची. गिरिधररावांची तिथली जमीन तिचा नवरा कारभारी बटाईने करायचा. कारभारी वारला, मुलगी लग्न होऊन जाफराबादला गेली, तेव्हा गिरिधररावांनी तिला जालन्याला आणून मागची खोली दिली. त्याला वीस वर्षं झाली. स्वयंपाक ती करायची, ताराबाईंच्या गोळ्या वेळेवर ती द्यायची, आणि शेजारीपाजारी कुणी विचारलं तर ताराबाई म्हणायच्या, "ती घरातलीच आहे." यापुढे कधी कुणी काही विचारलं नव्हतं.

रविवारी चिन्मयी एका लग्नासाठी जालन्यात आली आणि बाराच्या सुमाराला आईकडे टेकली. चारला तिला पुण्याला निघायचं होतं. बेटांवर उतरायला परवानगी लागते, त्यासाठी तिघांची नावं आणि आधारकार्डं आजच एजंटला पाठवायची होती. तिने टेबलावर मोबाइल उभा केला आणि आईला फोटो दाखवायला लागली.

"हे बघ आई, याला लगून म्हणतात. बाहेर समुद्र, पण चारी बाजूंनी पोवळ्याचा बांध. आत लाट नाही, काही नाही. पाणी छातीएवढं, तळाची वाळू दिसते. यात आपण कायाक घ्यायची."

"म्हणजे होडी?"

"दोघांची होडी. पुढचा नुसता बसला तरी चालतं. मागचा दिशा सांभाळतो. तू पुढे बसायचं, पाणी बघायचं. तासभर. घाई नाही."

दुर्गाबाई पोहे घेऊन आली आणि ताटली ठेवता ठेवता फोटोत डोकावली. "अगं बया! हे तर शेततळंच की. किती निवळ हाय."

"आणि हे जॅकेट अंगात घालायचं, मावशी. मग बुडायची भीतीच नाही."

"म्हंजी भोपळा," दुर्गाबाई म्हणाली. "आमच्या बापानं मला वाळका भोपळा कमरंला बांधून हिरीत ढकलून देल्तं. तिसऱ्या दिशी भोपळा सोडला."

चिन्मयी हसायला लागली. मग थांबली. "पण मावशी, तू तर पाण्याला भितेस म्हणे!"

ताराबाईंच्या हातातला चमचा पोह्यांतच राहिला.

दुर्गाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही; दाराशी आलेल्या माणसाला ओळखायला लागतो तेवढाच. "बाई म्हन्ल्या का? मंग भेत असंल," ती म्हणाली. "त्यायला बराबर म्हाईत ऱ्हातंय." आणि रिकामा तांब्या उचलून आत गेली.

चिन्मयीला काही कळलं नाही. ती उरलेल्या जागेसाठी मैत्रिणीला, सुषमाला, फोन लावू लागली. ताराबाई उठल्या. त्या कपाटापाशी गेल्या आणि १९८८ची वही काढली. काय सापडणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी पान उघडेपर्यंत त्यांना वाटत होतं, आपण तेव्हा तरी नीट लिहिलं असेल.

होळीनंतरची चतुर्थी. "राजूरला गणपतीचं दर्शन. तिथून धावड्याला शेतावर. दुपारी चिन्मयी विहिरीत पडली. गणपतीच्या कृपेने वाचली. यांनी दोर टाकला. रात्री मऊ भात केला. चिन्मयीला थोडी कणकण."

बस. एवढंच.

दोर गिरिधररावांनी टाकला होता हे खरंच होतं. पण चार वर्षांच्या पोरीला दोर धरता येत नव्हता. ती दोनदा वर आली आणि तिसऱ्यांदा आलीच नाही. काठावर गिरिधरराव दोर धरून ओरडत होते, त्यांना पोहता येत नव्हतं, ताराबाईंनाही नव्हतं. कापूस वेचायचं सोडून दुर्गाबाई धावत आली आणि लुगड्याचा कासोटा न आवळता तशीच वरून उडी टाकली. आत बराच वेळ काही दिसलं नाही. मग एका हातात पोरीचे केस आणि दुसऱ्या हातात दोर, अशी ती वर आली.

आणि पुढचं ताराबाईंना जास्त लख्ख आठवत होतं. शेतावरच्या घरात त्यांनी चिन्मयीला उराशी धरून नेलं. दुर्गाबाई मागोमाग उंबऱ्यापर्यंत आली. तिच्या लुगड्यातून पाणी गळत होतं, पाय चिखलाचे होते. ताराबाई म्हणाल्या होत्या, "आत नको येऊस, जमीन ओली होईल." दुर्गाबाई बाहेरच उभी राहून केस पिळत राहिली. ताराबाईंनी पोरीला दूध पाजलं, निजवलं, आणि पिशवीतून वही काढून ही नोंद लिहिली. त्यांना दारातून दुर्गाबाईची पाठ दिसत होती.

पुढे गिरिधररावांनी ही हकिकत किती जणांना सांगितली! दर वेळी दोर लांब होत गेला. ताराबाई शेजारी बसून मान हलवायच्या. होळीनंतरच्या चतुर्थीला राजूरला एकवीस मोदकांचा नैवेद्य न्यायची पद्धत पडली, सदतीस वर्षं मोडली नाही. गेली वीस वर्षं ते मोदक दुर्गाबाई करत होती. कळ्या तिच्याइतक्या बारीक कुणाला येत नसत.

ताराबाई वही घेऊन बाहेर आल्या. "चिन्मयी, फोन ठेव."

"झालंच आई, सुषमाच्या आईला विचारतेय."

"ठेव म्हटलं ना. दुर्गाबाई, तूही बाहेर ये."

दुर्गाबाई पदराला हात पुसत दारात उभी राहिली. ताराबाईंनी नोंद मोठ्याने वाचली आणि मग जे लिहिलं नव्हतं ते सांगितलं. शाळेत उभं राहून चूक सांगावी तसं, खाली बघत, काही न वगळता. उंबऱ्यावरचं वाक्यही सांगितलं. कालचा फोनही सांगितला.

"तिला भीती वाटत नाही. मलाच तिची लाज वाटली," त्या म्हणाल्या.

चिन्मयीने हातातला मोबाइल टेबलावर ठेवला. "म्हणजे बाबांनी नाही?"

"बाबांनी दोर टाकला."

"आणि मी आयुष्यभर..." तिने वाक्य सोडून दिलं. मग दुर्गाबाईकडे वळली. "मावशी, तू तरी सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? साहेब इतकं रंगून सांगायचे, मधी कुठं बोलावं? आन् तुझे केसच हातात आल्ते. तुला वाचवलं म्हनावं का उपटलं, त्याचाच भरोसा नव्हता."

चिन्मयी हसली, पण डोळे पुसले. ताराबाईंना मात्र हसू आलं नाही. मोकळं झाल्यासारखंही वाटेना. त्यांना वाटलं, आता निदान एक गोष्ट तरी नीट करावी. त्या चिन्मयीला म्हणाल्या, "तिसरं नाव दुर्गाबाईचं लिही. पाठव आत्ताच."

चिन्मयीने मोबाइल उचलला.

"हे बघा," दुर्गाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "काल माझं नाव काडलं, तवा मला इचारलं न्हाई. आज घालून राह्यले, तरी बी इचारलं न्हाई."

ताराबाईंचे कान तापले. विहिरीची गोष्ट सांगताना जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी या वेळी वाटली, कारण ती सदतीस वर्षांपूर्वीची होती आणि ही आत्ता, कबुली देऊन मिनिटही झालं नव्हतं तेव्हाची.

"दुर्गाबाई," त्या म्हणाल्या, आणि पुढचे शब्द त्यांना जुळवून घ्यावे लागले, "आमच्याबरोबर येशील का?"

"इचार करते," दुर्गाबाई म्हणाली. "चारला टाइम हाय ना? मंग जल्दी काय."

ती अंगणात गेली आणि पापडांपाशी उन्हात, पाय पसरून बसली. स्वयंपाकघरात मेथीची जुडी अर्धी निवडून तशीच सोडलेली होती. चिन्मयी दोनदा घड्याळ बघून आली. "मी विचारू का जाऊन?" "नको," ताराबाई म्हणाल्या. त्यांनी मेथी पुढ्यात ओढली. किती वर्षांत त्यांनी भाजी निवडली नव्हती! पानं आणि काड्या यांचा मेळ बसेना. खिडकीतून दुर्गाबाईची पाठ दिसत होती, आणि ती कधी वळेल याची वाट बघण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

चारला दहा कमी असताना दुर्गाबाई उठली, मागच्या खोलीत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधारकार्ड आणून टेबलावर ठेवलं.

"मागं मी बसनार," ती चिन्मयीला म्हणाली. "बाईला म्होरं बसव. त्यायनं गप पानी बघावं, वल्हं मारू ने. आन् मशेरी मी सोडनार न्हाई, आत्ताच सांगून ठेवते."

"नको सोडूस," ताराबाई म्हणाल्या.

"तुमाला न्हाई सांगितलं," दुर्गाबाई म्हणाली आणि पापड गोळा करायला गेली.

चिन्मयीने नावं पाठवली आणि निघाली. जाताना ती अंगणात बराच वेळ थांबली होती. काय बोलणं झालं ते आत ऐकू आलं नाही, आणि ताराबाईंनी विचारलं नाही.

दिवेलागणीला त्यांनी वही घेतली. कालच्या नोंदीतलं ते वाक्य खोडलं नाही, त्याखाली लिहिलं, "हे खरं नाही. तिला न विचारता मी सांगितलं." १९८८च्या वहीत समासात लिहिलं, "दुर्गाबाईने विहिरीत उडी टाकून चिन्मयीला काढलं." शाईचा रंग वेगळा दिसत होता. दिसू दे, असं त्यांनी ठरवलं. मग आजचं पान.

"रविवार, २ फेब्रुवारी २०२५. चिन्मयी बाराला आली, चारला गेली. लक्षद्वीपसाठी तिघींची नावं पाठवली. कायाकमध्ये मागे दुर्गाबाई बसणार. दुपारी मेथीची भाजी मी निवडली. काड्या बऱ्याच राहिल्या."