जाळं आजारी नाही

बाय गेली तेव्हा मी अलिबागच्या मासळीबाजारात तिच्या पाटीशेजारी बसले होते. थळहून आलेल्या शेजारणीनं निरोप सांगितला... पहाटे, झोपेतच. मी पदरात तोंड घालून रडले, मग उरलेले बोंबील विकले आणि मगच उठले. कुणाला हे दगडाचं काळीज वाटेल. वाटो! भरली पाटी टाकून उठले असते तर बायनं तिरडीवरून मला शिवी हासडली असती.

चांगुणाबाय माझी थोरली जाऊ. तिला जाऊन महिना होत आला. चौथी शिकलेल्या कोळणीनं पेपरात लिहावं हे आमच्या पाड्यात काहींना रुचणार नाही, तर त्यांनी वाचू नये. पण तिच्याविषयी जे चाललंय, ‘भांडकुदळ होती बिचारी’, ते मला ऐकवत नाही. भांडकुदळ होती हे खरं. बिचारी ती कधीच नव्हती.

मी लग्न होऊन थळला आले ती मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी. माझा नवरा मुंबईच्या गोदीत, म्हणून घरात आम्ही तिघंच: बाय, मी आणि तिचा नवरा धर्मादादा. त्याच हंगामात होडीवर शिडाची काठी दादांच्या कमरेवर कोसळली. हात शाबूत राहिले, पाय गेले. गावचा वैदू झाला, अलिबागचा डॉक्टर झाला, पण दादा काही खाटेवरून उठेनात. आता कोळ्याला पगार नसतो, वाटा असतो. आमच्या होडीवर आधी होडीच्या मालकाचा, म्हणजे नाखव्याचा वाटा निघायचा. मग प्रत्येक खलाशाला दोन, एक त्याच्या मेहनतीचा आणि एक त्याच्या जाळ्याचा. माणूस आजारी पडला की मेहनतीचा वाटा बंद, जाळ्याचा तेवढा चालू. म्हणजे खाणारी तोंडं तीन आणि मासळी निम्मी. बाय मला घेऊन थळहून अलिबागला पायी जायची, कधी पुढं चौलपर्यंत. निम्म्याचे चार पैसे जास्त कसे करायचे हे तिला पक्कं ठाऊक होतं. अंबाड्यात मात्र अबोलीची वेणी रोज हवी. बायका कुजबुजायच्या, नवरा खाटेवर आणि हिला वेणी सुचते. बाय वळून म्हणायची, “वाटा अर्धा झालाय गो, नवरा न्हाय अर्धा झाला!”

होळीच्या आधी हिरोजी नाखवा घरी आला. माणूस वाईट नव्हता. खाटेशी बसला, दादांच्या पायावर हात ठेवला आणि म्हणाला, “चांगुणे, धर्मा काय आता उठत न्हाय. रामा म्हनून नवा गडी घेतलाय. त्याचं जाळं हाय. तुमचं ऱ्हाऊ दे घरी. कालवणापुरती मासळी रोज धाडीन, उपाशी न्हाय ठेवनार.” हे तो मायेनं बोलला, आणि तेच बायला झोंबलं. जाळं एकदा घरी बसलं की खलाशाचं होडीवरचं नाव संपतं. मग मिळते ती मासळी हक्काची नव्हे, दयेची, आणि दया कधी आटेल याचा काय नेम?

“कालवण नको, नाखवा. वाटा पायजे,” बाय म्हणाली. “मानूस आजारी हाय, जाळं न्हाय.”

नाखवा गेल्यावर दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “राहू दे... मी आता कसला खलाशी.” बायनं काही समजूत घातली नाही. आमची जाळी उधाणाच्या दिवसांत समुद्रात खुंटांना बांधलेली असतात, आणि भांगाच्या दिवसांत पाण्याचा जोर ओसरला की सुकवायला, शिवायला घरी येतात. तेव्हा ते दिवस भांगाचेच होते. तिनं खाटेवर आडवी दोरी ताणली, जाळं तिच्यावरून सोडलं आणि बांबूची सुई नवऱ्याच्या हातात कोंबली. “हात हायत ना? मग रडायचं ते शिवता शिवता रडा!” दादा पडल्या पडल्या शिवत राहिले. जाळं खाऱ्या पाण्यात कुजू नये म्हणून आम्ही ऐनाच्या झाडाची साल उकळून ते तिच्यात बुडवलं, वाळवलं. एवढं देखणं जाळं त्या होडीवर दुसरं नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

उधाण लागलं त्या सकाळी आम्ही दोघींनी ते किनाऱ्यावर नेलं. होडी लोटायच्या तयारीत होती. बायनं जाळं थेट होडीच्या नाळेपुढं, म्हणजे पुढच्या टोकाशी टाकलं आणि त्याच्यावर मांडी घालून बसली. मीही तिच्याशेजारी बसले. पाणी चढत आमच्या गुडघ्यांशी आलं.

“ऊठ, चांगुणे! भरती कुनासाठी थांबत न्हाय,” नाखवा ओरडला.

“मंग जाळं घ्या आन् निघा.”

“गडी एक आन् जाळी दोन? ही होडी हाय का आगबोट?”

खलाशी हसले. बाय त्यांच्याकडे वळली. “हसा. तुमच्यातल्या ज्याची कंबर लोखंडाची हाय, त्यानं खाली यावं आन् मला उठवावं.”

खाली उतरला तो नवा गडी, रामा. मला वाटलं, आता हा आम्हाला ओढणार. त्यानं होडीतलं स्वतःचं जाळं काढून वाळूवर टाकलं. “नाखवा, मी मेहनतीचा वाटा घेतो. जाळं यांचंच चालू दे. उद्या माजी कंबर मोडली तर माजंबी जाळं असंच घरी धाडशील ना?” नाखवा पाण्यावर थुंकला आणि म्हणाला, “चढवा.”

दादा त्यानंतर सहा वर्षं जगले आणि सहाही वर्षं त्यांचं जाळं समुद्रात गेलं. वाटा अर्धाच होता, पण हक्काचा होता. पुढं त्या होडीवर रीतच पडली: माणूस कायमचा खाटेवर पडला तरी त्याचं जाळं उतरवायचं नाही.

यंदा बाय स्वतः आजारी पडली. पाय सुजले, दम लागायला लागला. तेव्हापासून मी रोज दोन पाट्या नेऊन एक तिच्या जागी मांडायची आणि तिच्या पाटीचे पैसे तिच्या हातात द्यायची. बाजाराच्या ठेकेदाराला ती जागा दुसरीला द्यायची होती, म्हणून त्याला ते खुपायचं. गेल्या आठवड्यात मी परत बाजारात गेले तर तो म्हणाला, “आता तरी जागा मोकळी कर, मथुरे. म्हातारी आजारी न्हाय आता, गेली.”

तिथं मी बायचीच पाटी मांडली होती. तिच्यात मासळी होती ती रामाच्या बायकोची. ती तापानं अंथरुणाला खिळली आहे. मी त्याला म्हटलं, “व्हय, बाय गेली. पन पाटी न्हाय गेली. पाड्यातली जी आजारी पडंल, तिची मासळी हितं बसंल. उचलायची तर हात लावून बघ.”

आणि मी पाटीला टेकून बसले.