टपालरावांची तिण्णै

ओळखीच्या माणसाचे पत्र टपालराव बिनचष्म्याने वाचत. अनोळखी माणसाचे असले की आधी चष्मा पुसून घेत. "ओळखीचा काय लिहिणार ते ठाऊक असतं, अम्मा. अनोळख्याचं नीट वाचायला हवं." कागदी टपाल आटून ईमेल आली, तरी ही सवय गेली नाही.

तंजावुरातल्या आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीत ते आवक-जावक सांभाळत आणि मी त्यांची वरिष्ठ. नवऱ्याच्या नोकरीपायी मी साताऱ्याहून तिकडे गेलेली. त्यांचे घराणे मराठी राजवटीपासून तिथलेच. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलाची. मी वयाने बरीच लहान, तरी मला ते "अम्मा"च म्हणत.

कचेरीच्या ईमेलवर रोज कचरा यायचा. लॉटऱ्या, कधीच न भरणाऱ्या परिषदांची निमंत्रणे, टक्कल घालवणारी तेले. शेवटी मी इंजिनियर बोलावून चाळणी कडक करून घेतली. पाठवणारा नवा असेल, त्याचे नाव आणि पत्ता जुळत नसेल किंवा पत्रात लिंक असेल, तर पत्र परस्पर पुसले जाई. इनबॉक्स लख्ख झाला. मी खूश होते, टपालराव नव्हते.

"आपल्या खेड्यांत ईमेल कोण काढून देतो, अम्मा? झेरॉक्सवाला. पत्र बापाचं, पत्ता मेव्हण्याचा आणि पुढे त्याच्या मोपेडचा नंबर. नाव जुळत नाही म्हणून हाकललं, तर अर्धा जिल्हा बाहेर जाईल."

"मग काय, तेलाच्या जाहिराती वाचत बसू?"

"तुम्ही कशाला? तुमचे केस चांगले आहेत. मी बसतो की!"

मी ऐकले नाही.

तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, पापनाशमहून एक बस कंडक्टर आले. त्यांची मुलगी आमच्याकडून पदवी घेऊन गेलेली. तिला जर्मनीत एका विद्यापीठात जागा मिळाली होती. तिची गुणपत्रिका खरी आहे, एवढा होकार आम्ही त्यांच्या पत्रातल्या फॉर्मवर भरून द्यायचा होता. विद्यापीठाने आम्हाला दोनदा लिहिले होते. शुक्रवारपर्यंत होकार गेला नाही, तर जागा दुसऱ्याला. "उत्तर का देत नाही, मॅडम?" कंडक्टरांनी विचारले. मी शोधले. दोन्ही पत्रे माझ्या चाळणीने पुसली होती.

टपालरावांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. मुलीला फोन करून विद्यापीठाकडे तिसरे पत्र मागायला लावले, आणि इंजिनियरला समोर बसवले. "तंबी," धाकट्या भावाला हाक मारावी तसे ते त्याला म्हणाले, "जुन्या घराला दाराबाहेर तिण्णै असते, ठाऊक आहे ना? वाटसरू तिथे बसतो. त्याला घरात घेत नाहीत आणि हाकलतही नाहीत. घरचा माणूस बाहेर येऊन विचारतो, कोण, कोठचा. तसा एक फोल्डर कर. काहीही पुसायचं नाही."

तासाभरात 'तिण्णै', म्हणजे आपल्याकडचा ओटा, या नावाचा फोल्डर तयार झाला. ज्यांचा आमच्याशी पूर्वी पत्रव्यवहार होता, त्यांचे पत्ते टपालरावांनी आवक रजिस्टरातून काढून दिले. त्यांची पत्रे थेट आत. बाकी सगळे तिण्णैवर. सकाळच्या कॉफीनंतर आणि दुपारी तीनला ते स्वतः तिथे चक्कर मारणार. जाहिरातवाले आणि परिषदवाले यांना देण्यासाठी वेगळा पत्ता काढला. आणखी एक नियम मला सुनावला: कचऱ्याला उत्तर द्यायचे नाही. मी अशा पत्रांना "कृपया पुन्हा लिहू नये" असे उत्तर देत असे. "दारावरच्या चोराला आतून ओरडून सांगायचं का, घरी कोणी नाही म्हणून?" ते म्हणाले.

शुक्रवारी तीनला ते पत्र तिण्णैवर आले. इतके संशयास्पद पत्र मी पाहिले नव्हते. पाठवणारी कोणी तिसरीच कंपनी, विषयात ठळक अक्षरांत 'शेवटची सूचना', खाली भली लांब लिंक.

"हे नक्की भामट्याचं," मी म्हणाले.

टपालरावांनी चष्मा पुसला. "भामट्याला आपल्या पोरीचा परीक्षा क्रमांक कोठून कळला, अम्मा?" क्रमांक खरोखर होता आणि बरोबर होता. तरी त्यांनी लिंकला हात लावू दिला नाही. "पत्रातला नंबर नको. विद्यापीठाच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा काढा आणि विचारा, ही कंपनी तुमचीच का?"

मी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सांगितले, कंपनी आमचीच, आणि तुमचीच वाट पाहत आहोत. साडेचारच्या आत होकार गेला. पाचला विद्यापीठाची पोच आली, जागा पक्की. कंडक्टर तेव्हा कुंभकोणमच्या फेरीवर होते. फोनवर बातमी ऐकून त्यांनी बसमध्येच इतक्या मोठ्याने ओरडून सांगितली, की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. टपालराव मात्र राहिलेली पत्रे पाहत होते.

त्यानंतर शहरातल्या आणखी दोन महाविद्यालयांनी आमची पद्धत उचलली. टपालराव निवृत्त झाले त्या दिवशी मला बोलायला उभे केले. मला भाषणे जमत नाहीत. मी एवढेच म्हणाले, "यांच्या कारकिर्दीत या कचेरीत आलेलं एकही पत्र न वाचता गेलं नाही."

हाराखालून टपालरावांनी हात वर केला. "दोन गेली, अम्मा. जर्मनीची. ती तुम्ही पुसलीत."

सभागृह हसून लोटपोट झाले. मीही हसले, आणि माइकवरूनच वाक्य दुरुस्त केले.