दुसऱ्याच्या बुटांत गोर्दचा चढ

थंडी सरत आली होती, मटार स्वस्त झाले होते आणि मी परातभर शेंगा घेऊन सोलत बसले होते. समोर सून श्वेता आणि नात ईरा लॅपटॉप उघडून फ्रान्सचं ठरवत होत्या. ईराची बारावी संपली की दोघी जाणार, डोंगरांवरच्या जुन्या गावांतून पायी. मध्येच ईरा म्हणाली, "मम्मा, आजीला पण नेऊया ना यार."

माझा मुलगा मंदार सोफ्यावरूनच ओरडला, "आईला? डोंगरावर? राजौरी गार्डन विसरलीस?"

राजौरी गार्डनचं सांगते. दर गुरुवारी लक्ष्मीबाई नगरला सिंधूताईंकडे आमचं भजन असतं. भजन तासभर आणि गप्पा तीन तास, खरं ते सांगावं. आम्ही दिल्लीत द्वारकेला राहतो, तिथून मेट्रोने जायचं आणि राजौरी गार्डनला गाडी बदलायची. जानेवारीत तिथल्या जिन्याशी मला चक्कर आली. स्टेशनवरच्या मुलीने खुर्ची दिली, पाणी दिलं, मंदारला फोन केला. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, काही नाही, चालत राहा. पण मंदारने माझं एकटीचं मेट्रोने जाणं बंद केलं. गाडीने सोडीन म्हणाला, पण त्याची नोकरी मानेसरला, सोडणार कधी? सिंधूताईंच्या पेटीचे सूर फोनवर ऐकायचे एवढंच राहिलं.

मी मटाराची शेंग तशीच हातात धरून म्हटलं, "मी जाते. सगळी गावं माझ्या पायांनी चढले तर गुरुवार माझा."

मंदार हसला. "बरं. पण एकदा जरी टॅक्सीत बसलीस तर गुरुवार बंद. मग वाद नाही."

"नाही."

त्याला वाटलं असणार व्हिसाच मिळणार नाही. मिळाला! ज्यांना जायचंय त्यांनी व्हिसाची वेळ लवकर घ्या, उन्हाळ्यात फार गर्दी असते. आणि पायांची तयारी घरीच करा. मी लिफ्ट सोडली, आमच्या पाचव्या मजल्यावर दोन महिने जिन्याने चढले. खालच्या मजल्यावरच्या चड्ढा आंटी रोज विचारायच्या, "लिफ्ट खराब है क्या?"

मेच्या शेवटी निघालो. पॅरिसहून आविन्यों नावाच्या शहरापर्यंत जोरात पळणारी रेल्वे, तीन तासही लागत नाहीत. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. तिथून पुढे बस, दोन-तीन युरोत. बस दिवसातून थोड्याच असतात, रविवारी तर विचारूच नका. आमचा बेत साधा होता, रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला चालायचं. जड सामान टॅक्सी पुढच्या मुक्कामाला पोचवते, बॅगेमागे आठ-दहा युरो घेतात. मंदारने त्या टॅक्सीत रोजची एक सीटही माझ्या नावाने सांगून ठेवली होती. रोज सकाळी तो ड्रायव्हर बॅगा चढवायचा, पुढचं दार उघडायचा आणि वाकून म्हणायचा, "मादाम?" मी हात हलवून नाही म्हणायची. तिसऱ्या दिवसापासून तो दार उघडायच्या आधीच हसायला लागला.

पहिलं गाव मेनेर्ब. गाव कसलं, डोंगराच्या पाठीवर लांबच लांब दगडी जहाज ठेवलंय. घरं दगडाची, रस्ते दगडाचे, खिडक्यांना निळे-हिरवे लाकडी पल्ले. शेकडो वर्षांपूर्वी शत्रूच्या भीतीने लोक वर राहायला गेले म्हणे. मी श्वेताला म्हटलं, "पाणी कोण वर आणत असेल गं?" ती म्हणाली, "आई, तुमच्या डोक्यात आधी पाणीच येतं." येणारच. आमच्या सोसायटीत टँकर येतो.

मेनेर्ब ते लाकोस्त वाट चेरीच्या बागांतून. चेरी पिकल्या होत्या, लालबुंद, फांद्या वाकलेल्या. तोडायच्या नाहीत हं, त्या कुणाच्या तरी आहेत. एका बागेशी म्हातारा शेतकरी शिडीवर होता. मी लांबूनच "बोंज्यूर" म्हटलं, त्याने मूठभर चेरी माझ्या ओढणीत टाकल्या. हा शब्द पाठ करूनच जा. दुकानात शिरताना आधी बोंज्यूर, मग काय हवं ते. तो म्हटला नाही तर लोक आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत, आणि म्हटला तर सगळं गाव आपलं.

लव्हेंडरची जांभळी शेतं बघायला जाणार असाल तर जूनच्या शेवटी जा. आम्हाला नुसते हिरवे गोळे दिसले. पण खसखशीची लाल फुलं सगळीकडे होती आणि ऊन आपल्या फेब्रुवारीतल्यासारखं. दिल्लीत त्या दिवशी चव्वेचाळीस होतं, मंदारने फोनवर मुद्दाम सांगितलं.

लाकोस्तला जाताना मला पहिला धडा मिळाला. मी आपली भराभर चालत होते, मागून येणाऱ्यांना अडचण नको म्हणून. चढावर धाप लागली. ईराने दंड धरला.

"आजी, कुणाची ट्रेन सुटतेय?"

"मागे माणसं आहेत."

"ते जातील ना बाजूने. दम लागल्यावर नाही थांबायचं, लागायच्या आधी थांबायचं. बिल्कुल सिंपल."

मग मी तशीच चालले. थोडं चढायचं, दगडावर बसायचं, बघायचं, उठायचं. बोन्यू गावाची चढण अशी खडी की समोर घराचा पायाच दिसतो, छप्पर दिसत नाही. तीही चढले.

खाण्याचं लिहिते, कारण तिथे आम्ही फसलो. जेवण दुपारी बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद. बोन्यूत आम्ही अडीचला पोचलो तर वाढपी मुलगा घड्याळ दाखवून मोकळा. मग बाकावर बसून माझ्या दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. श्वेताने निघताना नाक मुरडलं होतं, "आई, फ्रान्सला दशम्या?" तिनेच तीन खाल्ल्या. रात्री वांगं, टोमॅटो, ढोबळी मिरची असं शिजवलेलं मिळालं. चांगलं होतं, पण फोडणी द्यायची राहून गेल्यासारखं. बकरीच्या दुधाचं चीज मधाबरोबर देतात, वास सोडला तर फार छान. शाकाहारी लोकांनी आधीच सांगावं, नाहीतर सॅलडमधून मासा निघतो. खोल्या घरगुती, तिघींना मिळून रात्रीचे शंभर-एक युरो, त्यात सकाळचा पाव, लोणी आणि जॅम.

बोन्यूहून रुसियोंला जाताना रोमन लोकांचा पूल लागतो, दोन हजार वर्षांचा, अजून धडधाकट. मी त्याला हात लावून पुढे गेले. आणि रुसियों! अहो, अख्खं गाव गेरूचं. डोंगर गेरूचा, भिंती गेरूच्या, वाट गेरूची. ईराला गेरू हा शब्दच माहीत नव्हता. मी सांगितलं, अंगण सारवून कडेने ज्याचा पट्टा ओढतात तो गेरू. ती म्हणाली, "अंगण म्हणजे व्हरांडा?" दिल्लीची मुलं, काय करणार. आमचे बूट, सलवारी, सगळं लाल झालं.

आता शेवटचा दिवस. रुसियों ते गोर्द. तेवढं झालं की गुरुवार माझा.

वाटेत एक चिमुकलं गाव लागलं, दहा-बारा घरं आणि एक चर्च. श्वेता आणि ईरा झाडाखाली टेकल्या, मी दर्शन घ्यायला गेले. दाराशी लाकडी फळी होती आणि तिच्यावर चार-पाच जोडे ओळीने ठेवलेले. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, इथेही देवाच्या दारात पायताण काढतात, नीट स्टँडसुद्धा केलंय. मी आपले बूट ठेवले, मोजे आत खोचले आणि अनवाणी गेले. आत गार फरशी, कुणी नाही, एक मेणबत्ती. मी बसून सावकाश रामरक्षा म्हटली. देव काय वेगळा असतो?

बाहेर आले तर फळी रिकामी. सगळेच जोडे गेलेले.

ईराने फळीवरची पाटी वाचली आणि कपाळावर हात मारला. "आजी! ही गरजूंना द्यायचे कपडे-बूट ठेवायची जागा आहे. तू बूट डोनेट केलेस!"

मी खालीच बसले. गोर्द समोर दिसत होतं, टेकडीवर उतरंड रचल्यासारखं. वाट खड्यांची आणि पाय उघडे. श्वेताने फोन काढला. "आई, टॅक्सी बोलावते. याला हरणं नाही म्हणत."

"मंदार म्हणेल."



ईरा शाळेत फ्रेंच शिकलेली. तिने एका घराचं दार वाजवलं, त्या बाईंनी मागच्या घराकडे बोट केलं. तिथे ओदेत नावाच्या आजी, माझ्याच वयाच्या, अंगणात नळाशी वाकलेल्या. हातात माझे बूट! घासून, गेरू काढून, आतून-बाहेरून निथळणारे. फळीवर आलेलं सगळं आधी त्या धुतात आणि मगच देतात. ईराने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. मग माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि इतक्या हसल्या की मलाही आवरेना. दोघी हसतोय, भाषेचा पत्ता नाही.

"काय म्हणाल्या गं?" मी विचारलं.

"म्हणतात, इतके चांगले बूट कुणी दिले म्हणून मी मघापासून त्या माणसाला आशीर्वाद देतेय."

ओदेतबाईंनी टोपलीतला एक एक जोड माझ्या पायाला लावून बघितला. शेवटी कुणा शाळकरी पोराचे निळे कॅनव्हासचे बूट बसले, मोजे त्यांनी स्वतःचे दिले. मी त्यांच्या हातावर उरलेल्या दशम्या ठेवल्या. नमस्कार केला तर त्यांनी दोन्ही गालांचे मुके घेतले.

श्वेता म्हणाली, "आई, बघा हं. या बुटांनी पाय मुरगळला तर?"

"लागायच्या आधी थांबेन."

ओले बूट ईराच्या पाठीवर लटकवले आणि निघालो. मी किती वेळा बसले ते विचारू नका. शेवटच्या चढावर आमचा टॅक्सीवाला बॅगा पोचवून परत चालला होता. मला बघून त्याने गाडी थांबवली, दार उघडलं नाही, हॉर्न मात्र जोरजोरात वाजवला. गोर्दच्या चौकात पोचले तेव्हा मी रडत होते. श्वेताने मंदारला व्हिडिओ कॉल लावला.

"टॅक्सी?" त्याने विचारलं.

श्वेता म्हणाली, "आई चालत आल्या. सगळं चालत."

"आणि ते निळे बूट कुणाचे?"

"तिकडची फॅशन आहे," श्वेता म्हणाली. मी तोंडाला पदर, म्हणजे ओढणी लावली.

परत आल्यावर पहिल्याच गुरुवारी मी निघाले. राजौरी गार्डनला त्याच जिन्याशी आले. लोक धावत होते, मला धक्के देत पुढे जात होते, आणि तेव्हा कळलं की जानेवारीत मीही अशीच धावले होते, मागच्यांना अडचण नको म्हणून. या वेळी बाजूला झाले, बाकावर बसले. एक गाडी जाऊ दिली. पुढची घेतली.

लक्ष्मीबाई नगरला पोचून मंदारला फोन केला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्याने उचलला.

"मीटिंगमध्ये नाहीस?"

"आहे. फोन हातात धरून बसलोय सकाळपासून. दमलीस का?"

मी म्हटलं नाही. खरंच दमले नव्हते. तो दमला होता, आवाजावरून कळत होतं. मी इतके दिवस माझ्या गुरुवारासाठी भांडले, त्याला गुरुवारी काय होतं ते मी विचारलंच नव्हतं. आता राजौरी गार्डनला बाकावर बसले की तिथूनच एक फोन करते. तो म्हणतो, "आई, कामात आहे गं," आणि मग पाच मिनिटं बोलतो.