दोन झेल आणि एक धुतलेला शर्ट

सत्तर वर्षांची होईपर्यंत मी एकही सामना शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. आवड नव्हती असं नाही. बंदी होती. आणि घालणाऱ्यापेक्षा पाळणारीच जास्त कडक होती, म्हणून ती टिकली.

लग्न होऊन मी पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात आले, तेव्हा तिथे एक रेडिओ होता आणि त्याच्यासमोर मामंजी, म्हणजे माझे सासरे. लग्नानंतरच्या पहिल्याच कसोटी सामन्यात मी चहा घेऊन बाहेर आले आणि आपला सलामीचा फलंदाज गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा, पुन्हा एक गेला. तिसऱ्या दिवशी मी नुसत्या कपबशा उचलायला आले, तर एकाच षटकात दोघे. मामंजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सूनबाई, तू आतच बरी."

ती वीस वर्षांची मुलगी आत गेली. या मुलीने बी.एस्सी.ला गणित घेतलं होतं, पहिला वर्ग मिळवला होता. पुढे तिने शाळेत गणित शिकवलं. नाणं शंभर वेळा उडवा, एकशे एकाव्या वेळी त्याला आधीचं काही आठवत नसतं, असं ती फळ्यासमोर उभी राहून ठणकावून सांगायची. आणि घरी आल्यावर, आपण स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला की कलकत्त्यात फलंदाज पायचीत होतो, यावर तिचा पूर्ण विश्वास होता. इतका, की एकदा मामंजी आमटीला नावं ठेवून रेडिओजवळ जाऊन बसले, तेव्हा ती मुद्दाम चिवड्याची बशी घेऊन बाहेर गेली. गडी बाद झाला. मामंजींनी बशी पाहिली, तिला पाहिलं, चिवडा खाल्ला नाही. सूड पूर्ण झाला. नंतर देशद्रोह केल्यासारखं वाटून तिने सलग दोन दिवस उपास केला. आज ती भेटली असती तर मी तिला नववीत परत बसवलं असतं.

रेडिओ जाऊन टीव्ही आला, शास्त्र तेच राहिलं. फक्त लवचीक झालं. आपली फलंदाजी असली की माझ्या येण्याने गडी बाद व्हायचे आणि आपली गोलंदाजी असली की माझ्या येण्याने ते बाद व्हायचे थांबायचे. आपण पहिल्यांदा जगज्जेते झालो त्या संध्याकाळी घरात शेजारपाजारचे वीसएक लोक दाटीवाटीने बसले होते. मी छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, स्वयंपाकघरात कढईपुढे उभी राहून शेंगदाणे भाजत होते. समोरच्यांचा तो दांडगा फलंदाज आपल्याला झोडपत होता. मग त्याने चेंडू उंच मारला आणि आपला कप्तान पाठमोरा धावत गेला, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला कळलं ते एवढंच, की बाहेर एकाएकी शांतता झाली आणि मग छप्पर उडेल असा आवाज आला. दारातून डोकावावं असं फार वाटलं. पण अजून गडी बाकी होते. मी शेंगदाणे भाजत राहिले. करपले ते.

मामंजी गेले, आमचे हेही गेले. कुणी अडवणारं उरलं नाही, तरी सामना रंगात आला की माझे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळायचे. सवयीची बंदी ही अशी असते. बाहेरून कडी लागत नाही.

अशा अवस्थेत मी एका फेब्रुवारीत नातीकडे धायरीला आठ दिवस राहायला गेले. नातीचं लग्न होऊन तीनच महिने झाले होते. नातजावई नागपूरकडचा. आयटीत नोकरी, बोलण्यात गोडवा, पुण्याच्या पोह्यांबद्दल मनात तीव्र मतभेद. पण ते त्याने माझ्यासमोर कधी मांडले नाहीत. रविवारी दुपारी दोघं बाहेर गेली असताना मी घर जरा आवरायला घेतलं. खुर्चीच्या पाठीवर एक निळा शर्ट टाकलेला होता, छातीवर मोठा आकडा. त्याचा वास खुर्चीच्या दोन हात अलीकडूनच येत होता. मला वाटलं, नवी पोरगी, नोकरी सांभाळून किती करणार? मी तो वडीच्या साबणाने चोळला, काखेत ब्रश मारला, खळखळून तीन पाण्यांतून काढला आणि बाल्कनीत वाळत घातला. केवढं समाधान वाटलं होतं मला.

सोमवारी पहाटे पाचला सवयीने जाग आली, तर हॉलमध्ये टीव्ही चालू. नातजावई तोच शर्ट घालून बसलेला. शर्ट अजून दमट होता, अंगाला चिकटला होता.

"अहो, वाळलाही नाही तो. सर्दी होईल ना."

"काही नाही होत आजी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुम्ही धुतला न?"

"मीच. निघता निघत नव्हता मळ."

"कशाला त्रास घेतला," तो म्हणाला आणि टीव्हीकडे बघत राहिला. मला वाटलं, किती संस्कारी मुलगा.

टीव्हीवर त्या अमेरिकन फुटबॉलचा वर्षातला शेवटचा, अजिंक्यपदाचा सामना होता. तिकडे रविवारची संध्याकाळ, इकडे आपली सोमवारची पहाट. नातजावई दोन वर्षं तिकडे शिकायला होता. पहिल्याच हिवाळ्यात बर्फात एकटा पडला होता, तेव्हा खाली राहणाऱ्या घरमालकाने दार वाजवून सामना बघायला बोलावलं. तेव्हापासून त्या गावचा संघ तो याचा संघ. त्याने मला खेळ समजावला. नावात फुटबॉल असला तरी पाय फारसा लावत नाहीत. सोललेल्या नारळासारखा चेंडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर आणखी चार प्रयत्न. असं करत समोरच्याच्या टोकाला चेंडू नेला की सहा गुण, वर लाथेने खांबांमधून मारला की आणखी एक; आणि टोक गाठायच्या आधीच तसा मारला तर तीन.

"म्हणजे भाऊबंदकीच की," मी म्हटलं. "वीतवीत करत बांध सरकवायचा."

"एकदम बरोबर, आजी!" तो मनापासून हसला. मी बसले तेव्हा दोघांचेही गुण शून्य होते.

मग समोरच्यांचे सात झाले. मग चौदा. याच्या संघाचा म्होरक्या एकोणचाळीस वर्षांचा होता आणि त्या खेळात ते म्हणजे माझंच वय. त्याने चेंडू फेकला तो थेट समोरच्याच्याच हातात, आणि तो पठ्ठ्या मैदानभर धावत सुटला. म्होरक्याने त्याला धरायला झेप घेतली आणि हात पसरून तोंडावर पडून राहिला. एकवीस-शून्य.

"काय करून राहिले हे लोक!" नातजावई पुटपुटला.

माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. पण मी स्वतःला बजावलं, बाई, तू गणिताची शिक्षिका. नाण्याला काही आठवत नसतं.

मध्यंतर झालं तेव्हा एकवीस-तीन होते. नात डोळे चोळत बाहेर आली. तिने टीव्हीवरचा आकडा पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या शर्टाला हात लावला.

"हा ओला कसा?"

मी म्हटलं, "अगं, मी काल धुवून टाकला. काय वास मारत होता!"

"आजी!" ती मटकन खाली बसली. "गणपतीपासून धुतला नव्हता गं त्याने तो. मोसम संपेपर्यंत धुवायचा नसतो. मलासुद्धा हात लावू देत नाही!"

"गणपतीपासून?" मी म्हटलं. "अगं, मूर्तीचंसुद्धा विसर्जन करतात."

नात हसली. नातजावईही हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मध्यंतर संपलं आणि समोरच्यांचे अठ्ठावीस झाले. अठ्ठावीस-तीन. समालोचक आवरासावरीच्या सुरात बोलायला लागले. मी उठले.

"आजी, कुठे?"

"पोहे भिजवते," मी म्हटलं. म्हणजे बघा, सत्तर वर्षं, पांढरे केस, पेन्शन, आणि ही बाई एका आकड्याला घाबरून पुन्हा स्वयंपाकघरात.

कांदा चिरत होते तेव्हा बाहेर टाळी वाजली. सहा गुण. त्यावरचा एक लाथेचा गुण खांबाला लागून हुकला, पण नऊ झाले. मिरच्या फोडणीत पडल्या तेव्हा बारा. मग समोरच्यांनी चेंडू घालवला आणि याच्या संघाने सहा आणि वर जादा प्रयत्नाचे दोन, असे आठ मिळवले. वीस. मी एकेक आकडा ऐकत होते आणि वाईट म्हणजे मनात बेरीज चुकत नव्हती: आणखी आठ, की बरोबरी. मी बाहेर जायला वळले, तर दारात नात.

"आजी, प्लीज," ती हळू आवाजात म्हणाली. "रागावू नकोस. पण तू आत आल्यापासून सगळं फिरलंय. जरा आतच थांबतेस?"

रागावले नाही. खरं तर हसूच आलं. पन्नास वर्षांनी, तेही माझ्याच रक्ताच्या पोरीकडून, तेच वाक्य. फक्त सूनबाई गाळून त्या जागी प्लीज. मी मान हलवली आणि पोह्यांवर झाकण ठेवलं.

आणि तेवढ्यात बाहेर तीच शांतता झाली. अगदी तीच, पेठेतली, शेंगदाण्यांची. मग नातजावई ओरडला, "बाप्पा! बाप्पा! पकडला बे!"

नंतर मी तो झेल पुन्हापुन्हा दाखवलेला पाहिला. चेंडू समोरच्याच्या हाताला लागून वर उडाला, तिघं-चौघं एकमेकांवर कोसळले, चेंडू कुणाच्या तरी पायाला टेकत टेकत खाली आला आणि याच्या संघातल्या एकाने तो जमिनीपासून वीतभर वर असताना उचलून धरला. पण तेव्हा मला एवढंच कळलं, की आयुष्यातला दुसरा मोठा झेलही मी कढईसमोर उभी राहून ऐकला. दोन मिनिटांत बरोबरी झाली. अठ्ठावीस-अठ्ठावीस. या अजिंक्यपदाच्या सामन्यात आजवर कधी जादा वेळ खेळावा लागला नव्हता, असं टीव्हीवरचा सांगत होता. तो आता लागणार होता.

मी गॅस बंद केला.

सरळ सांगते, मला भीती वाटत होती. नवं घर, तीन महिन्यांचा जावई. मी जाऊन बसले आणि ते हरले, तर या घरात मी कायमची शर्ट धुणारी आजी होणार. पुढची वीस वर्षं सणासुदीला ही गोष्ट सांगितली जाणार, आणि मी असले-नसले तरी सांगितली जाणार. पण आत थांबले आणि ते जिंकले, तर ते जास्त वाईट होतं. मग मामंजी कायमचे बरोबर ठरणार होते.

मी पदराला हात पुसत हॉलमध्ये गेले आणि उभी राहिले. नातीने तोंडावर हात ठेवला. नातजावयाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मला स्पष्ट वाचता आलं. मामंजींच्या चेहऱ्यावरून जायचं तेच.

"हरले तर माझ्या नावावर टाका," मी म्हटलं. "पण मी शेवट बघणार. मी आजवर एकाही सामन्याचा शेवट बघितलेला नाही."

"एकाही?" त्याने विचारलं.

"एकाही."

तो सोफ्यावर सरकला आणि आपल्या शेजारची उशी उचलून जागा केली. "या न आजी. बसा."

पंचांनी नाणं उडवलं. मी डोळे मिटले नाहीत. नाणेफेक याच्या संघाने जिंकली. मग एकोणचाळीस वर्षांचा तो म्होरक्या घाई न करता चेंडू देत गेला, दहा यार्ड, पुन्हा दहा यार्ड, बांध सरकत गेला. शेवटच्या दोन यार्डांवर त्यांच्यातल्या एकाने चेंडू पोटाशी धरला, दोघा-तिघांना अंगावर घेऊन पुढे झुकला आणि रेषेवर पडला. सहा गुण, आणि जादा वेळेत जो आधी टोक गाठेल तो जिंकला, म्हणून खेळ खलास. समोरच्यांच्या हातात चेंडू आलाच नाही.

नात आणि नातजावई उड्या मारत होते. मी बसून होते. शेवट असा असतो तर, असं वाटलं: जिंकलेले धावत सुटतात, आणि हरलेले जागच्या जागी उभे राहून हेल्मेट काढतात. स्वयंपाकघरातून हे कधी ऐकू आलं नव्हतं. त्या हरलेल्यांसाठी मला जरा वाईट वाटलं. पोहे गार झाले होते. नातजावयाने दोन बशा खाल्ल्या आणि वर ओतायला नागपूरची झणझणीत तर्री मागितली नाही.

गोष्ट इथेच संपली असती तर मी या लेखात स्वतःची जरा जास्तच शेखी मिरवली असती. पण पुढच्या वर्षी त्याचा संघ पुन्हा त्याच सामन्यात पोहोचला. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, नातजावई स्कूटर घेऊन मला न्यायला पेठेत हजर. हातात पिशवी. पिशवीत तो निळा शर्ट.

"आजी, वडीच्या साबणाने," तो म्हणाला. "काखेत ब्रश. तीन पाणी."

मी धुतला. पहाटे पाचला तो दमट शर्ट घालून बसला, मी त्याच्या शेजारी, त्याच उशीच्या जागी. आणि ते हरले.

शेवटपर्यंत पाहिलं मी. शेवटची काही मिनिटं उरली असताना म्होरक्याच्या हातातून चेंडू निसटला, आणि गेलं सगळं. मी वाट पाहत होते. नात माझ्याकडे बघेल, तो शर्टाकडे बघेल, कुणीतरी काहीतरी मऊ आवाजात म्हणेल. नातजावयाने रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"पकड ढिली होती त्याची," तो म्हणाला. "बाकी काही नाही." मग उठून आळस दिला. "आजी, तुम्ही बसा. आज पोहे मी करतो. नागपुरी."

मी बसून राहिले. आत त्याने कढई ठेवल्याचा आवाज आला.