नवसाचे रोडगे आणि मामाजींचं पथ्य

मुलांनो,

मागच्या महिन्यात तुमच्या बाबांचा फोन आला. तिकडच्या डॉक्टरांनी त्यांना एक छापील कागद भरायला दिला होता. घराण्यात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का, असा त्यात प्रश्न होता. बाबांनी ‘नाही’ लिहिलं आणि मला सहज सांगितलं. ते चूक आहे. तुमच्या पणजोबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तो झाला होता. बाबा तेव्हा माझ्या कडेवर होते. पुढे त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण आमच्या घरात तो शब्द उच्चारायची पद्धत नव्हती. बाबांना मी कागद दुरुस्त करायला लावला. पण नुसतं ‘हो’ लिहून तुम्हाला काही कळणार नाही, म्हणून हे लिहिते आहे. वाचायला गोड नाही. जेवताना वाचू नका.

छप्पन्न साली आमचा भाग मुंबई राज्यात गेला, त्यानंतरची दोन-तीन वर्षं. आम्ही घाटंजीला राहत होतो. घरची कापसाची आणि तुरीची शेती होती. मी नागपूरच्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली, त्यामुळे घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे आणि सासूबाईंना आत्याबाई.

मामाजींचं ऑपरेशन नागपूरला झालं. आतड्याचा खालचा भाग काढून टाकला आणि डाव्या बाजूला पोटावर एक तोंड ठेवलं. मळ तिथून बाहेर यायचा. त्यावर कापसाची गादी, वर फडकं, आणि सगळं धरून ठेवायला कॅनव्हासचा पट्टा. पिशव्या वगैरे आम्ही पाहिल्या नव्हत्या. कापूस घरचाच होता, त्याला तोटा नव्हता. सर्जननी तुमच्या आजोबांना बाजूला घेऊन आजाराचं नाव सांगितलं. आजोबांनी ते मला सांगितलं आणि मामाजींना सांगितलं, ‘गाठ होती, काढली.’ पोटावरच्या तोंडाबद्दल आम्हा चौघांशिवाय कुणाला कळू द्यायचं नाही, असं मोटारीत बसतानाच ठरलं.

निघताना सर्जननी मला एक कागद लिहून दिला. थोडं थोडं, ठरलेल्या वेळी, नीट चावून खायचं. आधी मऊ भात, ताक, वरणाचं पाणी; मग हळूहळू साल काढलेल्या भाज्या. तेल-तिखट, तळलेलं नको. तंबाखू बंद. पाणी भरपूर. जड उचलायचं नाही, पण रोज दोन वेळा चालायचं आणि चालणं वाढवत न्यायचं. ‘खाटेवर ठेवलंत तर माझं काम वाया गेलं समजा,’ असं ते मला इंग्रजीत म्हणाले. मी ते सगळं मराठीत वहीत उतरवलं आणि स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलं.

ती वही कुणी उघडली नाही.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून समाचाराला माणसं येऊ लागली. रिकाम्या हाती कुणी येत नसे. डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, शेवया, वाटीभर ठेचा. येणारा खाटेच्या कडेला बसायचा आणि आपल्यासमोर खायला लावायचा. मामाजींनी नाही म्हटलं तर तो अपमान. मामाजी नाही म्हणतही नसत. ठेचा दिसला की त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं, ते मी दारातून पाहायची. तंबाखूची चंची उशीखाली असे. दिवसभर पडून राहायचं, लोक आले की कण्हायचं, लोक गेले की लाडू मागायचे.

पोटावरची गादी आत्याबाई बदलत, तोंड भिंतीकडे करून. त्यामुळे निम्मी घाण बाजूला लागायची. फडकी उकळायचं काम माझं. मागच्या अंगणात चुलीवर पातेलं ठेवायची, त्यात कडुनिंबाचा पाला टाकायची, नाकाला पदर बांधायची. तरी उमासे यायचे. तुमचे आजोबा त्या खोलीत जायचं टाळत. एकदा गेले आणि अंगणात येऊन ओकले, आणि मग महिनाभर शेतात फार काम निघालं. मला त्या फडक्यांची किळस येत होती हे मी लपवत नाही. पण फडकी उकळली की स्वच्छ व्हायची.

आता नवसाबद्दल. मामाजी जिवंत परत आले तर गावाबाहेरच्या मारोतीपाशी रोडगे करीन, असा आत्याबाईंनी नवस बोलला होता. रोडगे तुम्ही खाल्लेले नाहीत. कणकेच्या पाऱ्यांवर पाऱ्या ठेवून मोठा गोळा करतात, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, फोडून त्यावर तूप ओततात. बरोबर वांग्याची भाजी, वर बोटभर तेल तरंगणारी. आमच्या घरची रीत अशी, की ज्याच्यासाठी नवस केला त्यानं पहिलं जेवायचं आणि पान स्वच्छ करायचं. पानात उरलं तर नवस फिटला नाही.

मी आत्याबाईंना म्हटलं, “सहा महिने थांबू. देव कुठं पळून चालला आहे?”

“देव नाही पळत. माणूस पळते,” आत्याबाई म्हणाल्या. “सरलं ना काम, आता कायले देवाची आठवण, असं हाय का तुहं?”

मामाजींची थोरली बहीण मुद्दाम पांढरकवड्याहून आली होती. ती बोलली, “शिकेल सून आणली भावानं. आता मारोती बी हिले इचारून जेवन.”

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले असते, पण मला पुढचं दिसत होतं.

मामाजी दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून देवळापाशी गेले. आमचं घर गावाच्या कडेला, शंभर पावलांवर देऊळ, पण दमणी जुंपली. नैवेद्य झाला. पहिलं पान त्यांचं. मी बायकांत बसले होते. आजोबांना निरोप पाठवला, की एकच रोडगा, आतला मऊ भाग, भाजी नको. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

बहीण वाढत होती. “खाय रे भाऊ. देवाचं हाय. कागद खाऊन पोट भरते काय?”

मामाजी खात गेले. एक, दोन, मग तिसरा. तूप मनगटावरून ओघळत होतं, ते चाटत होते. वांग्याच्या फोडी न चावता गिळत होते, कारण पंगत खोळंबली होती. सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि कौतुकानं माना हलवत होती. चौथा रोडगा त्यांना नको होता. तो त्यांनी डोळे मिटून संपवला. “फिटला, फिटला,” असा गलका झाला. मला तेव्हा जे वाटलं त्याला राग म्हणणं बरोबर नाही. अळ्या पडलेलं काही उघडून पाहावं, तसं वाटलं.

संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखं झालं. वांत्या सुरू झाल्या. पोटावरच्या तोंडातून काहीच येईना. गावातल्या डॉक्टरांना सगळं सांगावंच लागलं; ते पोट दाबून गेले, नागपूरला न्या म्हणाले. नागपूरची मोटार, म्हणजे बस, दुसऱ्या दिवशी होती. सकाळी मामाजींना उठून बसवेना. मोटारीत घालणं शक्य नव्हतं. बहीण बंद दाराबाहेर जपमाळ घेऊन बसली. आत्याबाई रडत होत्या.

नागपूरच्या नर्सनी आम्हाला त्या तोंडातून कोमट पाणी सोडून आतडं धुवायला शिकवलं होतं. रबरी नळी आणि एनिमाचा डबा फडताळात पडून होता. आत्याबाईंना मी तो दिला. त्या न बघताच नळी लावू लागल्या. नळी आत जाईना. मग मी डोक्यावरचा पदर कमरेला खोचला आणि खाटेजवळ गेले. सासऱ्यांसमोर तोवर मी तोंड वर करून बोलले नव्हते.

मामाजींनी फडकं घट्ट धरून ठेवलं. “तू नको. तुह्या बापाच्या वयाचा हाय मी.”

“म्हणूनच गप पडा,” मी म्हणाले.

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. पहिल्या डब्यानं काही झालं नाही. दुसऱ्यानंही नाही. तिसऱ्या वेळी आधी पाणी परत आलं, मग वांग्याची सालं, अख्खीच्या अख्खी, आणि कणकेचे गोळे, जसे गिळले होते तसेच. वास असा, की दाराबाहेरची बहीण जपमाळ टाकून अंगणात पळाली. मी मोरीत जाऊन ओकले, चूळ भरली आणि परत येऊन चौथा डबा लावला. दुपारपर्यंत पोट मऊ पडलं.

तिसऱ्या दिवशी मामाजींनी मला बोलावलं. “सूनबाई, थे वही वाच.”

मी वाचली. मधे ते एकदाच बोलले, “तंबाखू बी लिवला हाय काय?”

“लिहिला आहे.”

त्यांनी उशीखालची चंची काढून माझ्याकडे सरकवली. आत्याबाईंना म्हणाले, “आता सूनबाई जे देईन थेच मी खाईन. तुह्या देवाले सांगून दे.”

त्यानंतर मी दारात बसू लागले. समाचाराचे डबे मी हसून ठेवून घ्यायची आणि मागच्या दारानं म्हशीला घालायची. डिंकाच्या लाडवांवर ती म्हैस चांगली भरली. बहिणीनं एकदा मला धरलं. “माह्या हाताले इख हाय काय वो?”

“विष नाही, तेल आहे,” मी म्हणाले. ती त्याच दिवशी पांढरकवड्याला गेली, आणि दोन वर्षं आमच्याकडे आली नाही.

ताक-भात, भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून, मग दुधी, मग मुगाचं वरण. दर चार दिवसांनी एक नवा पदार्थ, आणि तो सोसला की नाही याची वहीत नोंद. रात्रीचं जेवण दिवे लागायच्या आत. मामाजी तोंड वाकडं करत, पण जेवत. अंगावर थोडं मांस दिसू लागलं.

चालायचं मात्र होईना. अंगणात चार फेऱ्या मारून ते दमल्याचं सांगत. एकदा मी हट्टानं बाहेर पाठवलं. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर कुणीतरी विचारलं, “काय मालक, पायी पायी? बैल इकले काय?” दुसरा म्हणाला, “हल्ली मालक परसाकडे बी येत नाही दिसत. घरातच सोय केली काय?” मामाजी तिथूनच परतले आणि चार दिवस खाटेवरून उठले नाहीत.

हे तुम्हाला समजायचं नाही, म्हणून सांगते. तेव्हा घरोघरी संडास नव्हते. पहाटे पुरुष टमरेल घेऊन पांदणीनं, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटेनं जात. तिथं रोज दिसणारा माणूस दिसेनासा झाला की लोकांच्या लक्षात येई. कुजबुज आधीच सुरू झाली होती. आणि जमिनीचा मालक काही काम नसताना, हातात काही नसताना, नुसता चालतो, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. मृत्यूला न भ्यालेला माणूस पानठेल्यावरच्या दोन वाक्यांना भ्याला. मला त्यांचा इतका वीट आला, की त्या चार दिवसांत मी ताट ठेवून न बोलता निघून यायची.

पाचव्या सकाळी ते स्वतः उठले. पट्टा नीट आवळला, वर सदरा घातला. म्हणाले, “टमरेल कुठं हाय?”

आत्याबाई चुलीपाशी होत्या. “कायले?”

“कायले म्हणजे? लोक कायले नेतात?”

“तुमाले आता…”

“मले माहीत हाय. पाणी भरून दे.”

ते टमरेल घेऊन चारचौघांसारखे पांदणीनं गेले. बाभळीआड थोडा वेळ बसले, पाणी ओतून दिलं आणि परत आले. पानठेल्यावर कुणी काही विचारलं नाही. उलट कुणीतरी रामराम घातला. संध्याकाळी पुन्हा टमरेल, पुन्हा पांदण. आठवड्यानं पुढच्या बाभळीपर्यंत, महिन्यानं नाल्यापर्यंत, आणि दिवाळीच्या सुमाराला दोन मैलांवरच्या आपल्या शेतापर्यंत. हातात टमरेल असलेल्या माणसाला तू कुठं चाललास, असं कुणी विचारत नाही.

कुणाला यात गंमत वाटेल. मला वाटली नाही. सर्जननी मोकळ्या हवेत चालायला सांगितलं होतं. आमची मोकळी हवा म्हणजे दोन्ही बाजूंना बसलेला गाव आणि पायाखाली चुकवत जायची घाण. ज्या गोष्टीची त्यांना गरज उरली नव्हती, तिचं सोंग ते रोज दोन वेळा करत होते, आणि ते टमरेल घासून, भरून दारात ठेवायचं काम मी करत होते. स्वच्छ फडकं पोटावर बांधलेला माणूस घाणेरडा, आणि वाट घाण करणारे सगळे अब्रूदार. या खोटेपणात सामील झाल्याचा मला अजून तिटकारा आहे. पण पुढच्या वर्षी नागपूरला दाखवायला गेलो, तेव्हा सर्जननी पोट तपासलं, वजन पाहिलं आणि विचारलं, “चालता?”

“दोन टाइम,” मामाजी म्हणाले. “एकबी दिवस चुकला नाही.” ते खरं होतं.

मामाजींनी त्यानंतर सहा वर्षांच्या कापसाच्या वेचण्या पाहिल्या. सहाही वर्षं कापूस भरताना शेतात ते स्वतः उभे होते. गेले ते तापानं. अंघोळ घालायला बसलेल्या भाऊबंदांनी पट्टा सोडला आणि नाकाला धोतर लावून एकेक जण बाहेर आला. तासाभरात गावभर झालं. बहीण म्हणाली, देवाच्या पानावरून सून उठवत होती, त्याची ही शिक्षा. प्रेताला अंघोळ शेवटी मी आणि आत्याबाईंनी घातली. त्या दिवशी आत्याबाईंनी तोंड वळवलं नाही.

शेत पुढे विकलं. पांदणीची आता डांबरी सडक झाली आहे. घाटंजीच्या घरात तुमचे काका राहतात. तिथं अजून दिवे लागायच्या आत जेवणं होतात आणि भाजीत तेल कमी असतं.