विहीणबाईंचं कार्ड

ये गं, अशी जवळ सरक. मी हे लिहितेय सांगवीत आणि तू वाचणार तुझ्या घरी, तरी सरक. आणि तो मोबाईल जरा पालथा घाल. परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, होणाऱ्या सासूबाईंना साडीबिडी नाही, सरळ गिफ्ट कार्ड देते. कटकटच मिटली." मिटली? अगं वेडे, कटकट तिथून सुरू होते. मला विचारायचंस तरी आधी. तू माझ्या बहिणीची मुलगी, तुझ्या लग्नात माझा तेवढा तरी हक्क आहेच. म्हणून हे सगळं सांगते. नीट ऐक आणि मग काय द्यायचं ते दे.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. सासर मोशीचं. जुनी गावकीतली माणसं. पूर्वी शेती होती, आता त्या जागेवर तीन मजले आणि वर भाडेकरू. बारसं आम्ही इथं सोसायटीच्या हॉलमध्ये केलं. विहीणबाई आल्या, बाळाला वाळे घातले, कुंची घातली, लेकीची ओटी भरली. सगळं अगदी रीतसर. मग माझ्यासमोर ताट आलं. ताटात नारळ, हळदीकुंकवाची पुडी आणि एक पाकीट.

आता पाकीट म्हटलं की आपल्या बायकांची बोटं आपोआप चालतात. वरून दाबलं की आतला एक रुपया हाताला लागतो आणि मन शांत होतं. या पाकिटात रुपया लागलाच नाही. लागलं काय, तर कडक, चपटं, गुळगुळीत काहीतरी. उघडलं तर कार्ड. चिंचवडातल्या एका साड्यांच्या दुकानाचं. वर सोनेरी मोर, पण आकडा कुठेच नाही. मी उलटंसुलटं करून पाहिलं.

शेजारच्या वहिनी मान लांब करून म्हणाल्या, "काय हो, विहीणबाईंनी एटीएम दिलं की काय? मजा आहे बुवा तुमची!"

हसल्या सगळ्या. आहेराची साडी असती तर हातोहात फिरली असती. कोणी काठ चिमटीत धरला असता, कोणी पदर उलगडला असता, चार बायकांत तिची किंमत ठरून गेली असती. कार्डाचं काय बघणार? तोंड मिटलेल्या माणसासारखं ते ताटात पडून राहिलं.

तेवढ्यात विहीणबाई माझ्या कानाशी वाकल्या. "तुमच्या पसंतीचं घ्या, विहीणबाई. आमची पसंत तुमच्या अंगाला लागत न्हाई."

झालं! बोट बरोबर दुखऱ्या जागी लागलं. कारण लग्नात त्यांनी मला एक साडी दिली होती. पोपटी, रुंद काठाची. तिला मी फॉल-पिको सगळं केलं, घडी घालून ठेवली, पण नेसले नाही. या वयात मी पोपटी नेसून कुठे जाऊ? पण त्यांच्या ते लक्षात होतं तर. मग हे कार्ड म्हणजे भेट की टोमणा?

संध्याकाळी ते कार्ड घेऊन मी ह्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "जावईबापूंच्या कंपनीत असली कार्डं वाटतात ना? दिवाळीला, नाहीतर कोणी चांगली सूचना दिली की बक्षीस म्हणून?"

"वाटत असतील."

"म्हणजे फुकटातलं आलेलं इकडे सरकवलंय."

"असेल."

"का मुद्दामच विकत आणलंय, मला दाखवायला?"

ह्यांची सगळी नोकरी चाकणच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला गेली. चष्मा वर करून म्हणाले, "खरं तर तिथं तूच हवी होतीस. एक माल पास केला नसतास."

लेकीला विचारलं, तर ती बाळाचा लंगोट बदलत म्हणाली, "आई, तुला काय करायचंय ते कुठून आलं?" बघ हं, हे काही उत्तर नव्हे. ज्या प्रश्नाला उत्तर नसतं तिथेच माणूस असा उलटा प्रश्न विचारतो. माझा संशय दुप्पट झाला.

शेवटी गेले दुकानात. मनात हेच, की कार्ड रिकामं निघालं तर साडी निवडून झाल्यावर तोंड कुठे लपवू? म्हणून आधी काउंटरवरच्या बाईला हळूच विचारलं. तिने ते यंत्रात घातलं आणि म्हणाली, "आहेत की काकू, चांगले आहेत." हायसं वाटलं, पण जरा वाईटही वाटलं. संशय खोटा ठरला की माणसाला थोडं वाईट वाटतंच, तुला कळेल पुढे. मग मी वांगी रंगाची साडी घेतली, बारीक काठाची. वर थोडे माझे घातले आणि कार्ड पार मोकळं झालं.

मी कार्ड तिथंच टाकून निघाले, तर ती बाई म्हणाली, "टाकू नका काकू, हेच परत भरून मिळतं."

आता इथं कान देऊन ऐक. आपल्या घरात कोणाचं भांडं आलं की ते घासून पुसून परत करायचं, आणि रिकामं धाडायचं नाही. निदान साखर तरी घालायची. मला माझ्या आईने हेच शिकवलं, तुझ्या आईलाही हेच शिकवलं. आणि हे कार्ड तर परत भरता येणारं! म्हणजे काय झालं? भांडंच की! वस्तू आपली, भांडं त्यांचं. मी घरी येऊन ते ओल्या फडक्याने पुसलं. लेकीसाठी डिंकाचे लाडू वळले होते, त्यातले काही स्टीलच्या डब्यात भरले, वर कागद घातला, कागदावर कार्ड ठेवलं आणि झाकण लावलं. डबा जावयांच्या हाती मोशीला धाडला. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. भांडं परत करताना कोणी चिठ्ठी लिहितं का?

मग वाट बघितली. लाडू कसे झाले ते तरी माणूस कळवेल ना? फोन नाही. मीच केला.

"ठेवते विहीणबाई, दूध वर आलंय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. पुन्हा दूध वर आलं. तिसऱ्यांदाही दूधच. मी ह्यांना म्हटलं, "त्यांच्याकडे गोठा आहे का हो? केव्हाही फोन करा, दूध तापतंय." हे म्हणाले, "लाडवात खडा लागला असेल." मला ते पटलं. मी राहिलेल्या लाडवांतला एकेक फोडून बघितला. खडा नव्हता. मग म्हटलं डिंक कच्चा राहिला का. नव्हता राहिला. उरलं काय मग?

लेकीला सासरी न्यायला येण्याचा दिवस जवळ आला होता. तुला ठाऊक आहे आपल्यात कसं असतं. पहिलं बाळ घेऊन सून परत जाते, तेव्हा सासरचं मोठं माणूस न्यायला येतं, ओटी भरतं, मानाने नेतं. आणि एके दिवशी लेक फोन ठेवून, बाळाला खांद्यावर घेऊन माझ्यासमोर उभी. चेहरा एवढासा झालेला.

"आई, तू त्या डब्यात कार्ड घातलं होतंस?"

"हो. पुसून."

"ते मम्मींनी कुरुळीच्या मावशीला दिलं."

"कोणी कोणाला दिलं?"

"अगं, त्यांना वाटलं तू आहेर परत केलास. मग ठेवून काय करायचं म्हणून बहिणीच्या वाढदिवसाला दिलं. मावशी दोन जावांना घेऊन दुकानात गेली. आणि कार्ड रिकामं. आता त्या म्हणतात, विहिणीने आधी वापरलं आणि मग आमचं हसं करायला धाडलं. न्यायला येणार नाहीत त्या. म्हणाल्या, पोर घेऊन तुमचं तुमी या."

साडी गेली खड्ड्यात, पण माझी लेक रिक्षात पिशव्या घालून, बाळ पोटाशी धरून एकटी त्या दारात उतरणार? ओवाळायलाही कोणी पुढे येणार नाही? आणि पुढे जन्मभर तिनेच तिथं राहायचं, मी नाही. तिचे डोळे भरले होते आणि तरी ती मला बोलत नव्हती, त्याचंच जास्त लागलं.

हे म्हणाले, फोनवर समजावून सांग. म्हटलं, दूध वर येतंय तिथं काय सांगणार? दुसऱ्या दिवशी वांगी साडीची घडी मोडली, नेसले आणि भोसरीला बस बदलून एकटीच मोशीला गेले.

खाली भाडेकरूंच्या दुचाक्या लावलेल्या होत्या, दुसऱ्या शिफ्टची पोरं निघायच्या गडबडीत होती. त्यांच्यातून वाट काढत गेले. विहीणबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं. खरं म्हणजे मला नाही, साडीला पाहिलं. डोकं हलवलं नाही, पण हातातली काडी थांबली.

"या. बसा," म्हणाल्या. बसा म्हणताना सतरंजी पुढे केली नाही, हे मी टिपलं.

बसले. जवळ गेल्यावर त्यांनी माझा पदर दोन बोटांत धरला, कापड चोळून पाहिलं. "ही कुटनं घेतली?"

"तुमच्या कार्डावर."

"मंग कार्ड मागारी का धाडलं?"

"भांडं रिकामं ठेवून घेऊ का मी घरात? लाडू घालून परत केलं."

"भांडं व्हय ते?" त्यांनी कपाळाला हात लावला. "आवो, पलास्टिकचा तुकडा त्यो! चुलीत घालायचा का न्हाई!"

"दुकानातली म्हणाली, परत भरता येतं. जे भरता येतं ते भांडं."

"आन माजी भन? साडी निवडली, खांद्यावर टाकून आरशात बघितली, जावांनी वा वा केलं. आन काउंटरवाली म्हनती, ह्यात काय न्हाई आजी. काय तोंड ऱ्हायलं तिचं?"

मला खरंच वाईट वाटलं. मी तसं म्हणणारच होते. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे, तोंडातून भलतंच निघालं. "पण विहीणबाई, मी परत धाडलेलं कार्ड तुम्ही वाढदिवसाला पुढे कसं दिलंत?"

मेथीची जुडी खाली ठेवली गेली. मग त्या उठल्या. "चा टाकते," म्हणाल्या.

चहा आला तो दुधाचा, घट्ट. दूध खरंच होतं म्हणायचं घरात. कपाबरोबर सतरंजीही आली. कार्डाचा विषय त्यांनी काढला नाही, मी काढला नाही. बाळाला सर्दी आहे का, दात कधी येतील, असलं बोललो. आणि निघताना त्या दारापर्यंत आल्या, पायात चप्पल सरकवत माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गुरवारी येते सुनंला न्यायला. घरचे समदे येतो."

आल्या हो. अगदी गाडी करून. ओटी भरली, बाळाची दृष्ट काढली, माझ्या लेकीला हाताला धरून जिना उतरवला. आणि जाताना माझा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. चांगला जड होता. पाहुण्यांदेखत डबा उघडायचा नसतो, म्हणून मी तसाच कट्ट्यावर ठेवला.

सगळे गेले. पाळणा रिकामा, घर सुनं सुनं. हात कशात तरी गुंतवावेत म्हणून डबा उघडला. त्यांच्या माहेरचा मावळातला तांदूळ, नवा, वासाचा. पिंपात ओतायला लागले आणि शेवटाला टक् करून काहीतरी पडलं.

सोनेरी मोर!

तेच कार्ड, कुरुळीहून फिरून आलेलं. पुसलेलं. तांदळात पुरून धाडलेलं.

आता तूच सांग. हे भरलेलं आहे की रिकामं? भरलेलं असेल तर बाईने मोठ्या मनाने आहेर पुन्हा केला. रिकामं असेल तर मला माझंच भांडं परत मिळालं, तेही माझ्याच रीतीने, तांदूळ घालून! हे म्हणतात, फोन करून विचार. काय विचारू? "विहीणबाई, आत काही आहे का?" आहे असलं तर मी हावरी ठरले. नाही असलं तर त्या पदराआड हसतील आणि ते हसू मला मोशीहून सांगवीपर्यंत ऐकू येईल. दुकानात जाऊन विचारावं तर तिथली काउंटरवाली आता मला ओळखते आणि विहीणबाईही तिथल्याच गिऱ्हाईक. दोघींची बोलणी होत नसतील कशावरून? लेक आता तिकडे सुखात आहे, रोज बाळ दाखवते फोनवर. मागे विहीणबाई पदर सावरत येतात, "जेवलात का?" विचारतात आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी असतं. ते हसणं आहे की वाट बघणं आहे, तेवढ्या छोट्या पडद्यावर कळत नाही.

कार्ड देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. पोपटी साडीच्या घडीत ठेवलंय. आणि हो, ती साडी आता संक्रांतीला नेसणार आहे मी, उगाच ताणायला नको.

म्हणून म्हणते, सासूबाईंना काय द्यायचं ते इथं येऊन ठरव. त्या काउंटरवालीने तुला पाहिलेलं नाही. दोघी जाऊ चिंचवडला, मी बाहेर रसवंतीपाशी उभी राहीन, तू आत जाऊन विचारून ये. येत्या रविवारी ये, फार लांबवू नकोस. आणि गणपतीत चकल्या भरून नेलेला माझा डबा अजून तुझ्याकडेच आहे, तो आण. रिकामा आणलास तरी तुला माफ आहे, पण झाकण विसरू नकोस.